पॉइंट बेचाळीस

सत्तावीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलो.
भरली गाडी वजा रिकामी गाडी, उरला तो ऊस.
एवढंच गणित मला येतं
आणि घरात तेच जुळेना.

घर म्हणजे चाकांवरचं.
मिरजेच्या एका इस्पितळानं लिलावात काढलेली ॲम्ब्युलन्स.
तिच्या पोटात मी प्लायवूड ठोकलं, दोन बाकडी, शेगडी, पाण्याची टाकी;
अक्काताईनं तांबडे पडदे शिवले.
श्रवणबेळगोळला जायचं ठरलं होतं.
दिवाळीपासून मात्र सोमवारी भरलेली बॅटरी
पुढच्या सोमवारी किल्ली फिरवली की नुसतं
टक्.

दुकानदार म्हणाला, बॅटरी बदला. बदलली.
मेहुणा म्हणाला, डायनामो. तोही सोडवून बसवला.
मी कुणाला न विचारता ठरवून टाकलं :
अक्काताईचा चार्जर.
तीन महिने रात्री उठून
तिच्या उशाशी पिन चाचपत होतो,
काढलेली असली तरी
काढली का, म्हणून विचारत होतो.

रजिया शिकलगारचं दुकान मिरजेत, रेल्वे पुलाखाली.
तिनं बॉनेटही उघडलं नाही आधी.
"काका, दारं लावा. अर्धा तास आत कुणी जायचं नाय.
गाडीला झोपू द्या.
झोपेत कोण बडबडतंय ते बघू."

निगेटिव्हची तार सोडवून मधे मीटर घातला
आणि आम्ही तिघं बाहेर, दोन स्टुलं न् एक टायर.
समोरून उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या,
गाणी इतकी मोठ्यानं की मडगार्ड थरथरे.
सवयीनं मी एकेकाचं वजन करत बसलो.
अक्काताई काहीच बोलत नव्हती.
ती बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

अर्ध्या तासानं मीटर : पॉइंट बेचाळीस.
"ह्ये बघा. रोजचं दहा अँपियर-तास कोणतरी खातंय."

रेडिओचा फ्यूज काढला. पॉइंट बेचाळीस.
पंपाचा. तेवढंच.
पंखा, हॉर्न, आतले दिवे,
आणि शेवटी चार्जरच्या पिनचा
(मी मान खाली घालून मीटर बघत होतो)
पॉइंट बेचाळीस.
सगळे फ्यूज तिच्या ओढणीच्या टोकात
शेंगदाण्यांसारखे,
आणि काटा जागचा हलेना.
"मग ही तार डब्यातून येतच नाय," ती म्हणाली. "थेट बॅटरीवरनं आलीय. इस्पितळवाल्यांची."

हातानं चाचपत ती छतापर्यंत गेली.
फळीजवळ थांबली. प्लायला तळवा लावला.
"काका, हितं गरम लागतंय."

फळी मीच बसवली होती, दिवाळीत,
अक्काताईच्या गोळ्यांच्या डब्यांसाठी.
दोन इंची स्क्रू. एक इंची संपले होते.

प्लाय उचकटलं
आणि आत दिवा लागलेला.
पिवळा, लहान, धूळ पोळलेल्या काचेतला,
स्ट्रेचरवर निजलेल्याच्या तोंडावर पडावा असा.
माझा स्क्रू त्याच्या तारेतून पत्र्यात शिरला होता;
बटणाचं काम बटणावाचून झालेलं.
बरोबर आमच्या उशांच्या वर
तीन महिने, दिवसरात्र,
लाकडाआड.

रजियानं तार तोडली. मीटर : पॉइंट शून्य दोन.
"एवढं घड्याळ खातं. खाऊ द्या."
काट्यावर आम्हीही तेवढी घट धरायचो.

मी पाकीट काढत होतो.
अक्काताई अजून वरच बघत होती.
"बल्ब चांगला आहे की गं. बटण लावून देशील?"
"फ्यूजसकट देते, मावशी."

त्या रात्री तासगाव रस्त्याला गाडी लावली.
चार्जरचं बोलायचं म्हणून मी दोनदा घसा खाकरला,
दोन्ही वेळा खोकलाच झाला.
तिनं हात लांबवून दिवा लावला. विझवला.
परत लावला, तसाच ठेवला,
आणि भिंतीकडं कूस वळवून म्हणाली,
"हा मांडा माझ्या नावावर."